दुरुस्तीसाठी जुनी स्पोर्ट्स कार घेताना: तपासणी नेमक्या कोणत्या क्रमाने करावी

स्वस्तात मिळालेली जुनी स्पोर्ट्स कार स्वतः दुरुस्त करायची, या हेतूने गाडी पाहायला जाणारे बहुतेक जण तपासणी उलट्या क्रमाने करतात. आधी इंजिन सुरू करून आवाज ऐकतात, मग रंगाची चमक पाहतात, मग भावाची घासाघीस करतात, आणि गाडीच्या खाली वाकून पाहण्याची वेळ येते ती गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन हे सगळे बोल्टने जोडलेले भाग आहेत. ते उतरवता येतात, दुरुस्त होतात, दुसरे आणून बसवता येतात. पत्र्याचा सांगाडा गंजलेला असेल तर मात्र तिथल्या तिथेच कापून, मापात धरून, वेल्डिंग करून तो नव्याने उभा करावा लागतो, आणि अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या याच कामावर अडलेल्या असतात. म्हणून पुढचा क्रम कागद, सांगाडा, सुट्या भागांची पूर्णता आणि सर्वांत शेवटी इंजिन असा आहे. तो मोडू नये.

## १. आधी मॉडेल ठरवावे, गाडी नंतर शोधावी

समोर आलेली गाडी आवडली म्हणून तिचे मॉडेल निवडले, असे होऊ देऊ नये. प्रत्येक मॉडेलच्या दुखण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या माहीत नसतील तर तपासणी करताना नजर नको तिथे रेंगाळते.

काही उदाहरणे पाहू. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत कापडी छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबतात, पाणी मागच्या चाकाच्या पुढे सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीत, साचते आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. याच गाडीच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला पुली पक्की धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजण्याचा दोष आढळतो. चालू इंजिनात पुढची पुली डुगडुगताना दिसली तर शंका घ्यावी. १९८२ ते १९९१ या काळात निघालेल्या पोर्शे ९४४ ला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आहे, पण तिचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालावर ठेवणारा पट्टा) तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. शिवाय गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे क्लच बदलणे हे साध्या गाडीपेक्षा कितीतरी मोठे काम ठरते. १९६२ ते १९८० दरम्यानच्या एमजीबीत सिल हा गाडीचा भार पेलणारा मुख्य भाग आहे. बीएमडब्ल्यू झेड-३ मध्ये डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा दातेरी चाकांचा संच) ज्या जागी टांगलेले असते तिथला डिकीचा पत्रा फाटतो. टोयोटा एमआर-२ सारख्या मधोमध इंजिन असलेल्या गाडीत पुढच्या रेडिएटरकडून मागे जाणारे पाण्याचे लांब पाइप गंजतात, आणि पाणी बदलल्यावर त्यांतली हवा नीट काढली नाही तर इंजिन तापते.

फायबरची बॉडी म्हणजे गंजाची चिंता नाही, हा समज चुकीचा आहे. लोटस एलानच्या फायबर बॉडीखाली पोलादी कणा असतो, तर १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये काचेभोवतीचा आणि दारांभोवतीचा पोलादी पिंजरा बॉडीच्या आत दडलेला असतो. तो गंजला तरी बाहेरून काहीही दिसत नाही.

मॉडेल ठरवताना सुटे भाग मिळतात का हे पाहणे आलेच, पण नेमके कोणते भाग पाहायचे यात चूक होते. पिस्टन रिंग, बेअरिंग, ब्रेक पॅड यांची फारशी काळजी नको, कारण त्यांतले पुष्कळ भाग त्याच कंपनीच्या साध्या गाड्यांतही वापरलेले असतात. अडचण येते ती पुढची काच, मागच्या दिव्यांची भिंगे, दारांची रबरे, छताचा सांगाडा, डॅशबोर्ड आणि मीटरचा संच यांची. या वस्तू बाजारात मिळत नसतील तर ज्या गाडीत त्या शाबूत आहेत तीच गाडी घ्यावी, मग तिचे इंजिन बंद का असेना.

सावधान: जी गाडी नवी असताना महाग होती ती जुनी झाल्यावर तिची किंमत उतरते, तिच्या भागांची किंमत उतरत नाही. भागांची यादी करून त्यांचे भाव खरेदीच्या आधी काढावेत.

## २. पैसा आणि जागा यांचा हिशेब

माझ्या मते दुरुस्तीसाठी एकूण जेवढी रक्कम खरोखर बाजूला काढता येते, तिच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त गाडीच्या खरेदीवर घालू नये, आणि उरलेल्या रकमेतलाही काही भाग अनपेक्षित कामासाठी हात न लावता ठेवावा. डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग आणि आतल्या सीटांचे काम यांचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो, कारण त्यात सामानापेक्षा मजुरी जास्त असते.

जागेचेही तसेच. उघडलेली गाडी उभ्या गाडीच्या जवळपास दुप्पट जागा अडवते. दारे, बोनेट, सीटा, काचा हे सगळे कोरड्या जागी, एकमेकांवर न रचता ठेवावे लागते. वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर ते करणारा कारागीर आधी गाठावा आणि जुन्या गाडीचे सांगाड्याचे काम तो घेतो का, हे विचारून ठेवावे. घेणारे कमी असतात.

## ३. विक्रेत्याशी बोलणे आणि कागद

गाडी पाहायला निघण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. गाडी किती काळ उभी आहे आणि उघड्यावर की छपराखाली, शेवटची का थांबली, कोणते काम कोणी केले आणि त्याच्या पावत्या आहेत का, नोंदणी कोणाच्या नावावर आहे. “चालत होती, फक्त बॅटरी गेली” या उत्तराला काहीही किंमत देऊ नये. इंजिन कधी आणि कशामुळे थांबले याचे नेमके उत्तर मिळत नसेल तर इंजिन नादुरुस्त आहे असे धरूनच भाव काढावा.

एक विनंती आवर्जून करावी: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी, कारण थंड इंजिन सुरू होताना जो धूर, जो खडखडाट आणि जी टाळाटाळ दाखवते ती गरम इंजिन दाखवत नाही.

मग कागद. नोंदणीवरचा चासी नंबर गाडीवर जिथे जिथे कोरलेला किंवा पट्टीवर ठोकलेला आहे तिथे तिथे प्रत्यक्ष वाचावा. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून हा क्रमांक १७ अक्षरी झाला आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत. त्याआधीच्या गाड्यांत क्रमांकाची लांबी कंपनीगणिक वेगळी असते. क्रमांकाच्या पट्टीचे रिव्हेट नवे दिसत असतील, भोवतीचा पत्रा घासलेला असेल किंवा भोवती वेल्डिंगची रेघ असेल तर तिथेच थांबावे.

तपासणी: विकणारा आणि नोंदणीतला मालक एकच आहे का? गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकीत कर आहे का? अपघातात बाद ठरवल्याची नोंद आहे का? यातल्या एकाचेही उत्तर अडखळत येत असेल तर पुढची पायरी घेऊ नये. पत्रा जोडता येतो, कागद जोडता येत नाहीत.

## ४. सोबत न्यायचे सामान

विजेरी, काठीला बांधलेला छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेला हलका लोहचुंबक, जॅक आणि दोन स्टँड, प्लग पाना, कॉम्प्रेशन मीटर (सिलिंडरमधला दाब मोजणारे), मल्टिमीटर, जमिनीवर आडवे होता येईल असे जुने कपडे आणि वही. शक्य असेल तर सोबत असा एक माणूस असावा ज्याला ही गाडी अजिबात नको आहे. तपासणी कोरड्या दिवशी, उजेडात करावी; ओल्या गाडीवर रंगाचे दोष दिसत नाहीत.

## ५. सांगाडा

तपासणीतला निम्मा वेळ या पायरीला द्यावा.

सुरुवात गाडीपासून थोडे दूर उभे राहून करावी. दार आणि मागच्या चाकावरचा पत्रा, दार आणि पुढच्या चाकावरचा पत्रा, बोनेटच्या दोन्ही बाजू यांतल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहावे. उघड्या छताच्या गाडीत दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर मधला भाग खचून गाडी वाकल्याची ती खूण आहे. दार उघडून थोडे वर उचलून पाहावे. बिजागरी झिजली असेल तर दार बिजागरीत हलते. बिजागरी पक्की असून तिच्यामागचा खांबच हलत असेल तर काम मोठे आहे.

आता सिल. दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ही पोकळ पेटी छत नसलेल्या गाडीत जवळजवळ सगळा भार पेलते. गुडघ्यांवर बसून तिच्या पूर्ण लांबीवर बोटाच्या पेराने टकटक करत जावे. चांगला पत्रा टणक वाजतो, पुट्टी भरलेली जागा बद्द वाजते. जिथे आवाज बदलला तिथे चुंबक टेकवावा. तो चिकटत नसेल किंवा अगदी हलके धरत असेल तर रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तमच: कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि आकडा एकदम कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे असे समजावे. मग आरसा आणि विजेरी घेऊन सिलच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची भोके शोधावीत. ती भोके रंगाने किंवा डांबरी लेपाने बुजलेली असतील तर आत पाणी साचत राहिले आहे. आणि ती भोकेच सापडत नसतील, खालची कड सलग गुळगुळीत लागत असेल, तर जुन्या गंजक्या सिलवर वरून नवा पत्रा चढवलेला असण्याची दाट शक्यता आहे. हे काम विकण्यापुरते केलेले असते. ते सगळे कापून काढून नव्याने करावे लागते, म्हणजे मुळात गंजलेल्या सिलपेक्षाही ते जास्त वेळ खाते.

त्यानंतर मालकाच्या परवानगीने एक बाजू कंपनीने नेमून दिलेल्या जागी जॅक लावून हळूहळू उचलावी. जॅक पत्र्यात रुतू लागला, चुरचुर आवाज आला किंवा चाक जमिनीवरून सुटण्याआधीच दाराची फट मिटत चालली, तर लगेच खाली घ्यावी. हवे ते उत्तर मिळालेले असते. गाडी नीट उचलली गेली तर त्या स्थितीत दार उघडून आणि लावून पाहावे.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. स्टँड लावून, त्यावर भार टेकवून, गाडी हाताने हलवून पाहिल्यावरच खाली शिरावे. स्टँडसाठी भक्कम जागा सापडत नसेल तर खाली जाऊच नये.

गाडीखाली पाहताना सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले आहे त्या जागा, स्टिअरिंग बॉक्स, पुढच्या लांब पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा यांकडे लक्ष द्यावे. एखाद्या पट्टीवर सुरकुती पडली असेल किंवा डाव्या आणि उजव्या बाजूचे वेल्डिंग वेगवेगळे दिसत असेल तर गाडी आपटलेली आहे. नुकताच फासलेला चकचकीत काळा लेप पाहून समाधान मानू नये. विकण्यापूर्वी गाडीच्या पोटाला काळा रंग देण्याचे कारण विचारावे.

आत येऊन पायपुसणी आणि गालिचे उचलावेत. खालचे कापड ओले असेल तर पाणी कुठून आले ते शोधावे. पोर्शे ९४४ मध्ये बॅटरीच्या तबकाखालचा पत्रा आम्लाने गंजून पावसाचे पाणी थेट पायांपाशी उतरते. डॅटसन २४०-झेड मध्येही बॅटरीखालची जागा गंजासाठी कुप्रसिद्ध आहे. डिकीत स्टेपनीची खोबण रिकामी करून पाहावी.

चाकांच्या कमानीवरचा, दाराच्या खालच्या कडेचा किंवा बोनेटच्या टोकाचा गंज वहीत लिहावा, पण त्याने घाबरून जाऊ नये. हे भाग भार पेलत नाहीत. सिल, सस्पेन्शनच्या जागा आणि दारांचे खांब या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी गंज असेल तर गाडी फुकट मिळाली तरी सुट्या भागांसाठीच घ्यावी, दुरुस्तीसाठी घेऊ नये.

## ६. काय आहे आणि काय नाही

उघडून ठेवलेली गाडी खोक्यांसह विकायला असते तेव्हा “सगळे भाग आहेत” असे हमखास सांगितले जाते. त्यावर विसंबून राहू नये. त्या मॉडेलची भागांची सचित्र यादी सोबत न्यावी आणि एकेक खोके उघडून खुणा कराव्यात. अशा गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स असतात. हरवलेले असतात ते छोटे कंस, क्लिपा, दारांचे कुलूपसंच, काचेच्या सळया, वायपरची जोडणी आणि छताचे आकडे. यांतली एकेक वस्तू क्षुल्लक वाटते, पण त्यांची शोधाशोध करताना कामाचे महिने निघून जातात.

वायरिंग कापून लावलेल्या जोडण्यांकडे विशेष लक्ष द्यावे. फ्यूजच्या पेटीपाशी आणि डॅशबोर्डखाली चिकटपट्टी गुंडाळलेल्या, मूळ रंगाशी न जुळणाऱ्या वायरी किती आहेत ते पाहावे. त्या चार-दोन असतील तर ठीक. झुबका असेल तर पूर्ण वायरिंग नवे धरून हिशेब करावा.

## ७. इंजिन आणि बाकीची यंत्रणा

गाडी सुरू होत असेल तर आधी तेलाची कांडी, पाण्याची टाकी आणि तेलाचे झाकण पाहावे. झाकणाखाली दुधाळ साय दिसणे हे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेड यांमधला सांधा बंद ठेवणारी चकती) गेल्याचे चिन्ह असू शकते, पण केवळ थोड्या अंतरावर फिरवलेल्या गाडीत बाष्पामुळेही तशी साय धरते. कांडीवरचे तेलही दुधाळ असेल किंवा पाण्यात तेल तरंगत असेल तर मात्र शंका पक्की होते. थंड इंजिन सुरू करताना मागे एक माणूस उभा ठेवावा. सुरू होताच निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हची तेल अडवणारी रबरी सील गेली आहेत, वेग घेताना सतत निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, आणि इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत असेल तर पाणी जळते आहे.

कॉम्प्रेशन तपासताना पुष्कळ जण फक्त एक प्लग काढून मीटर लावतात, आणि आकडे फसवे येतात. इंजिन शक्य असेल तर गरम असावे, सगळे प्लग काढावेत, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर सारखाच वेळ फिरवावा. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर दोष रिंगांत, जवळपास तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये. माझदा आरएक्स-८ सारख्या रोटरी इंजिनाला (त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) हे साधे मीटर चालत नाही, कारण एका रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवणारे खास यंत्र लागते.

बंद इंजिनाच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा: ते हाताने फिरते का? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हलके फिरवून पाहावे. जोर करू नये. फिरत नसेल तर इंजिन जाम आहे असे धरून भाव काढावा, आणि पाहणीच्या जागी स्टार्टर मारण्याचा आग्रह विक्रेत्याने धरला तरी टाळावा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे.

चालवून पाहता आली तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना होणारी खरखर, वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर घसरणारा क्लच आणि ब्रेक दाबताना एका बाजूला ओढणारी गाडी यांची नोंद करावी. टायरवरची तारीखही वाचावी: २००० सालापासून टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही खोल असली तरी फार जुने टायर बदलण्याच्या यादीतच जातात.

## ८. भाव

जागेवर भाव सांगू नये. घरी येऊन वहीतल्या प्रत्येक दोषापुढे सामान आणि मजुरी असे दोन आकडे लिहावेत आणि त्यांची बेरीज त्याच मॉडेलच्या चांगल्या स्थितीतल्या गाडीच्या भावाशी ताडून पाहावी. बहुतेक वेळा असे दिसते की थोडी महाग पण सांगाड्याने ठणठणीत गाडी शेवटी स्वस्त पडते. व्यवहार ठरल्यावर सगळ्या सुट्या भागांची यादी पावतीत लिहून घ्यावी आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

## ९. गाडी घरी आणणे आणि पहिले काम

बरीच वर्षे उभी असलेली गाडी चालवत आणू नये. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगलेल्या असतात आणि पहिल्या जोराच्या ब्रेकलाच फुटू शकतात. गाडी पाठीवर घेणारे वाहन बोलवावे आणि गाडी खालून जमिनीला टेकणारी असल्याने लांब उताराची फळी आहे ना, हे आधीच विचारावे.

घरी आल्यावर पाना हातात घेण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे, प्रत्येक वायरीच्या वाटेचे फोटो काढावेत. मग जुने पेट्रोल काढून टाकावे, ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. इंजिन सुरू करायचे असेल तर प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून ते मुरू द्यावे, हाताने पूर्ण फेरे फिरवावेत, तेल आणि फिल्टर बदलावे, प्लग न लावता तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारावा, आणि त्यानंतरच प्लग व ताजे पेट्रोल.

सावधान: पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करू नये, टाकी उतरवून दूर ठेवावी. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी.

सगळी गाडी एकदम उघडून टाकण्याचा मोह इथे अनेकांचा घात करतो. एका वेळी एकच भाग उघडावा, त्याचे बोल्ट पिशवीत भरून पिशवीवर जागा आणि तारीख लिहावी. सांगाड्याचे काम रंगाच्या आणि इंजिनाच्या आधी करावे. उघड्या छताच्या गाडीत सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पोलादी आडवी पट्टी घट्ट बसवावी, दारे जागेवरच ठेवावीत आणि फटींची मापे भिंतीवर लिहून ठेवावीत. वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर दार लावून माप पुन्हा घ्यावे. एका बाजूचे सिल पूर्ण जोडून थंड झाल्यावर आणि फट जुन्या मापाशी जुळल्यावरच दुसऱ्या बाजूला कटर लावावा.